इतिहास बदलतो म्हणजे नेमकं काय बदलतं? सोलापूरच्या निमित्ताने

मे १९३० मध्ये सोलापुरात काय घडलं, हे जुन्या सरकारी इंग्रजी कागदांत शोधायचं असेल तर आधी 'शोलापूर' असं शोधावं लागतं. इंग्रज तसंच लिहीत. कागद सापडले की त्यात वारंवार एक शब्द भेटतो, तो म्हणजे दंगल. आपल्या चार पुतळ्यापाशी, म्हणजे त्या प्रकरणात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी, ९ ऑगस्टला किंवा १२ जानेवारीला जाऊन उभे राहा, तिथल्या भाषणांत हा शब्द चुकूनही कानावर पडत नाही. तिथे त्याच दिवसांना स्वातंत्र्य म्हणतात. डाव्या विचारांच्या लेखकांनी त्याच दिवसांना 'सोलापूर कम्यून', म्हणजे कामगारांनी ताब्यात घेऊन चालवलेलं शहर, म्हटलं आहे. गाव एक, आठवडा एक, माणसंही तीच. मग खरं कोणाचं?

"इतिहास काय, ज्याची सत्ता त्याचा" असं म्हणून हात झटकणारे पुष्कळ भेटतात. "जे घडलं ते घडलं, त्यात अर्थ कसला लावायचा" असं ठणकावणारेही भेटतात. मला दोन्ही उत्तरं आळशीपणाची वाटतात. घडलेलं बदलत नाही, हे खरंच. पण घडलेल्याबद्दल आपल्याला जे कळतं ते बदलतं. ते का बदलतं याची कारणं वेगवेगळी असतात, काही कारणं भरवशाची असतात आणि काही अजिबात नसतात. ती ओळखता येऊ लागली की वादातला निम्मा आरडाओरडा आपोआप बाजूला पडतो.

आधी घटना पाहू. ४ मे १९३० च्या रात्री, म्हणजे पाच तारीख उजाडायच्या आत, गांधीजींना दांडीजवळ कराडीला अटक झाली. बातमी सोलापुरात पोचली तशा गिरण्या बंद पडल्या, सभा झाल्या, मोर्चे निघाले. ८ मेला लोक रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेले. ताडी-शिंदीवर सरकारला कर मिळायचा, म्हणून झाड तोडणं हा तेव्हाच्या कायदेभंगाचाच भाग होता. पोलिसांनी अटका केल्या, जमाव अडून बसला, गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण गेला. त्यानंतर शहर पेटलं. मंगळवार पेठेच्या चौकीवर जमाव चालून गेला, पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत जाळली गेली. सरकारी यंत्रणेने शहरातून अंग काढून घेतलं. ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस शहराची व्यवस्था काँग्रेसचे कार्यकर्ते पाहत होते. रामकृष्ण जाजू तेव्हा शहर काँग्रेसचे अध्यक्ष होते. १२ मेला मार्शल लॉ आला तो ३० जूनपर्यंत राहिला. काँग्रेसचा झेंडा बाळगला म्हणूनही त्या काळात शिक्षा झाल्या. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं.

आता गंमत पाहा. वरच्या परिच्छेदातलं एकही वाक्य खोडून न काढता तीन निरनिराळ्या गोष्टी सांगता येतात. गोष्ट कुठून सुरू करायची, एवढंच ठरवायचं.

जळणाऱ्या कोर्टापासून सुरुवात केली की ती दंगल होते. गोळीबारापासून सुरुवात केली की तो जनतेचा संताप होतो. गांधीजींच्या अटकेपासून सुरुवात केली की देशभरच्या कायदेभंगातलं सोलापूरचं पान होतं. आणि आणखी मागे, १८७७ साली उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीपासून, भोंग्यावर चालणाऱ्या आयुष्यापासून, १९२९ च्या जागतिक मंदीने आवळलेल्या मजुरीपासून सुरुवात केली, तर तो कामगारांचा उठाव होतो. इतिहासकार 'अर्थ लावतो' म्हणजे काही हवेतून अर्थ काढत नाही. तो सुरुवात निवडतो, शेवट निवडतो आणि मध्ये कोणाला उभं करायचं ते ठरवतो.

प्रत्येक सांगण्यात काहीतरी अडचणीचं असतं आणि तिथे अळीमिळी गुपचिळी असते. इंग्रजांच्या कागदांत जळलेलं कोर्ट ठसठशीत दिसतं, आधीचा गोळीबार मात्र 'भाग पडलं' एवढ्यावर उरकला जातो. राष्ट्रीय चळवळीच्या सांगण्यात मारले गेलेले पोलीस अवघड जागेचं दुखणं होतात, कारण चळवळ अहिंसेची आणि मारले गेलेले पोलीसही इथलेच. कम्यूनवाल्या सांगण्यात गिरणी कामगार पुढे येतात, पण त्या तीन दिवसांत व्यवस्था पाहणारे पुढारी काँग्रेसचे होते, ही गोष्ट मागे ढकलली जाते. म्हणून कोणतंही सांगणं ऐकताना मी एक प्रश्न विचारतो, यात कोणाचा मृत्यू मोजला गेलेला नाही? उत्तर मिळालं की सांगणारा कुठे उभा आहे ते कळतं.

तारखांचंही असंच. सोलापुरात कोणीही १२ मे सांगेल, पण देशपातळीवरच्या काही नावाजलेल्या इतिहासग्रंथांत मार्शल लॉ १६ मेच्या नंतरचा सांगितलेला आढळतो. लगेच 'दिल्लीत बसून उंटावरून शेळ्या हाकतात' म्हणायची घाई करू नये. मार्शल लॉ सोलापुरात आधी जाहीर झाला आणि त्याला कायद्याचं कवच देणारा व्हाइसरॉयचा वटहुकूम त्यानंतर निघाला. ज्याच्यासमोर वटहुकमाचा कागद आहे, त्याची तारीख पुढे सरकते. ज्याच्या दारासमोर सैन्य उभं राहिलं, त्याची तारीख मागे राहते. दोन पुरावे भांडतात तेव्हा एक खोटाच असतो असं नाही. बऱ्याचदा दोघे दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

भावकीतल्या जमिनीचा वाद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सगळं नवं वाटू नये. सातबारा एकच असतो, पण थोरला भाऊ त्यातलं एक नाव दाखवतो आणि धाकटा इतर हक्कांतली नोंद दाखवतो. दोघेही कागदावर बोट ठेवूनच बोलतात. मग एके दिवशी तलाठ्याच्या दप्तरातून पन्नास वर्षांपूर्वीचा फेरफार निघतो आणि दोघांचंही अर्धंअर्धं म्हणणं कोसळतं. जमीन जागची हलत नाही. नवा कागद निघाल्यामुळे हललेला वाद वेगळा आणि जमिनीचा भाव वाढल्यामुळे उकरलेला वाद वेगळा, हे गावात सगळ्यांना कळतं. इतिहासाच्या बाबतीत मात्र आपण हा फरक विसरतो.

नवा पुरावा निघतो म्हणजे काय होतं, ते पाहायला दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला जावं. भीमा आणि सीना यांचा संगम तिथे आहे. संगमावर संगमेश्वराचं आणि हरिहरेश्वराचं अशी जुनी देवळं आहेत. हरिहरेश्वराच्या परिसरातला मातीचा ढीग उपसताना तिथून लहान लहान मुखांनी मढलेलं एक भलंमोठं शिवलिंग बाहेर आलं, तेव्हा तिथे बघ्यांची रीघ लागली. पण मराठी माणसासाठी त्याहून मोठी गोष्ट संगमेश्वराच्या देवळात दगडावर कोरलेली होती आणि ती कुठल्या ढिगाखाली नव्हती. लोक तिच्याखालून वाकून दर्शनाला जात-येत होते. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी जिल्हाभर पायपीट करून जे शिलालेख हुडकले, त्यांतला हा एक. त्यावर काळ आहे शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. त्यात मराठीची खूण पटवणारी ओळ आहे, 'वाछि तो विजेया होईवा'. जो हे वाचेल तो विजयी होईल, असा तिचा अर्थ.

म्हणजे 'सापडला' या शब्दाचा अर्थ जरा नीट घ्यायला हवा. दगड हरवलेला नव्हता. दगडावर काहीतरी आहे आणि ते वाचायचं असतं, हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

वाचायचं कसं? डोळ्यांनी बघून सहसा भागत नाही. तेलकटपणा, चुना, शेंदूर, वर्षानुवर्षांचं पाणी यांनी अक्षरांच्या खाचा बुजलेल्या असतात. आधी दगड साफ करायचा, पण खरवडायचा नाही. मग ओला केलेला कागद त्यावर पसरायचा आणि दाट केसांच्या ब्रशने ठोकत राहायचं, म्हणजे कागद खाचांत उतरतो. कागद अर्धवट वाळला की शाईची गादी हलक्या हाताने वरून टिपत जायची. सपाट भाग काळा होतो, खोल गेलेली अक्षरं पांढरी राहतात. याला ठसा घेणं म्हणतात. ठोकणं कमी पडलं तर मात्रा उमटत नाही, शाई जास्त झाली तर अनुस्वार बुजतो. आणि एका मात्रेने 'च' चा 'चे' होतो, वाक्य कन्नड-संस्कृताच्या पंगतीतून उठून मराठीच्या पंगतीत येऊन बसतं. आज मोबाइलचा टॉर्च तिरपा धरूनही बरंच वाचता येतं. रात्रीच्या अंधारात बाजूने पडलेल्या उजेडात खाचांना सावली मिळते, भर दुपारी जे दिसत नाही ते दिसतं. मात्र हौसेने खडूने अक्षरं गिरवणारे भेटले तर त्यांना हात जोडून थांबवावं. गिरवलेलं अक्षर हे गिरवणाऱ्याचं वाचन असतं, पुढच्याला मूळ दगड दिसतच नाही.

वाचून झालं की तपासणी. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पौष-माघासारख्या शेवटच्या महिन्यांसाठी ७९. पण कोरणाऱ्याने किंवा वाचणाऱ्याने आकडा चुकवला असेल तर? यावर उपाय त्या काळच्या लोकांनीच करून ठेवला आहे. ते शकाबरोबर संवत्सराचं नाव लिहीत. साठ नावांचं चक्र ठरलेलं असतं, तेव्हा शके ९४० ला गणिताने कोणतं नाव यायला हवं ते काढता येतं. ते येतं कालयुक्त. कुडलच्या लेखातही कालयुक्तच आहे. आकडा आणि नाव एकमेकांची साक्ष देतात, म्हणून या तारखेवर विसंबता येतं. जिथे ही जोडी जुळत नाही, तिथे अभ्यासकाच्या कपाळाला आठ्या पडतात.

कुडलच्या आधी आपल्याला शाळेत काय शिकवलं जायचं? श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं 'श्रीचावुण्डराजें करवियलें' हे मराठीतलं पहिलं कोरलेलं वाक्य, साल ९८३. पिढ्यानुपिढ्या स्पर्धा परीक्षेला हेच उत्तर. आता यातलं ९८३ कुठून आलं? वाक्यावर साल नाही. चामुंडरायाने, म्हणजे लेखातल्या चावुण्डराजाने, मूर्ती उभारली त्या सुमाराचं ते साल, आणि ते वाक्यालाही चिकटवलं गेलं. पण शेजारीच दुसरी ओळ आहे, गंगराजाने भोवतालचं आवार करवलं अशी. हा गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा. दोन्ही ओळींच्या अक्षरांचं वळण सारखं दिसतं. मग पहिली ओळही दुसरीबरोबरच, म्हणजे मूर्तीनंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी, 'ही मूर्ती चामुंडरायाने केली होती' अशी नोंद म्हणून कोरली गेली असणार, असं म्हणणं पुढे आलं आणि ते पटण्याजोगं आहे. इथे नवा दगड सापडला नाही, कोणी काही लपवलंही नव्हतं. त्याच दगडाकडे पाहून कोणीतरी साधा प्रश्न विचारला, साल मूर्तीचं की अक्षरांचं?

अलिबागजवळच्या अक्षीचा लेखही मराठीतल्या पहिल्या लेखाच्या या शर्यतीत आहे. त्याचं साल एका वाचनाप्रमाणे शके ९३४, म्हणजे कुडलच्याही आधीचं येतं. दुसऱ्या वाचनाप्रमाणे तो जवळपास दोनशे वर्षं अलीकडे सरकतो. सोलापूरकर म्हणून मला कुडल पहिला असावा असं वाटतं हे उघड आहे, आणि म्हणूनच माझ्या मताला इथे किंमत देऊ नये. 'पहिला' या शब्दापायी आपल्याकडे फार भांडणं होतात. नगरपालिकेवर तिरंगा फडकवण्याचंच घ्या. अण्णासाहेब भोपटकरांनी ६ एप्रिल १९३० ला सोलापूर नगरपालिकेवर झेंडा लावला, ही गोष्ट अभिमानाचीच. ती सांगताना कोणीतरी 'देशात पहिली' जोडतो. जिल्ह्याच्या सरकारी इतिहासात मात्र पुणे आधी आणि सोलापूर त्यानंतर असं स्पष्ट लिहिलं आहे. दुसरं असण्याने त्या माणसांच्या धाडसात काय कमी झालं, हे मला कधी कळलेलं नाही.

कधी कधी पुरावा असतो, वाचणारेही असतात, पण तो विखुरलेला असतो. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजांच्या मागे चालणाऱ्या लाखभर लोकांतल्या कितींना माहीत असतं की त्यांची कन्नड वचनं, म्हणजे छोटी भक्तिपर मुक्तकं, आहेत? वचन साहित्याची ताडपत्रं घराघरांत, मठामठांत गुंडाळून पडली होती. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी ती मिळवून, ताडून, छापायला सुरुवात केली ती विसाव्या शतकात. त्याआधी वचनकार भक्तांच्या जिभेवर होते, नंतर ते अभ्यासाच्या टेबलावर आले. आणि तिथे आल्यावर प्रश्न बदलले. देव आणि चमत्कार यांच्याबरोबर जात, श्रम, बाईचं स्थान यांवर हे लोक काय म्हणत होते, असं विचारलं जाऊ लागलं. सिद्धरामांनी तळं खोदवलं हे सगळेच सांगत आले. तळं खोदणं हीच भक्ती का मानली, हा प्रश्न तुलनेने नवा आहे.

प्रश्न बदलला की जुन्याच कागदांतून वेगळी माणसं बाहेर येतात, याचं सगळ्यात बोचरं उदाहरण आपल्या शहरातच आहे. 'सेटलमेंट' हा सोलापुरातला रोजचा शब्द. रिक्षावाल्याला सांगा, तो नेऊन सोडेल. हा शब्द आला कुठून ते मात्र अनेकांच्या गावीही नसतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ साली त्याची कक्षा वाढवली. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार आहेत असं गृहीत धरून त्यांच्या नोंदी केल्या, हजेऱ्या लावल्या, कुंपणाआड वसाहती वसवल्या. सोलापूरची वसाहत त्यांपैकी एक. इथून माणसं गिरण्यांत कामाला जात आणि हजेरीला परत येत.

त्या काळचे सरकारी अहवाल वाचले तर ही सगळी सुधारणेची कहाणी वाटते. कोण कामाला लागलं, कोणाची वागणूक 'चांगली' झाली, कोणती मुलं शाळेत गेली, असा सूर. अनेक वर्षं अभ्यासकही तोच सूर लावत होते, कारण कागद तेवढेच होते आणि ते लिहिणारा एकाच बाजूचा होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, म्हणूनच तो दिवस विमुक्त दिन. आणि १९८० नंतर भटक्या-विमुक्तांची आत्मकथनं मराठीत येऊ लागली तेव्हा त्याच अहवालांकडे बघण्याची नजर पालटली. 'फरार' या शेऱ्यामागे बाळंतीण बायकोला भेटायला गेलेला नवरा असू शकतो, असं वाचकाच्या मनात येऊ लागलं. अहवालातली नोंद खोटी ठरली असं नाही. माणूस खरंच हजेरीला नव्हता. पण हजेरी कोणी आणि का लावली, हा प्रश्न पूर्वी कोणी विचारत नव्हतं.

याला 'इतिहास विकृत करणं' म्हणणारेही आहेत. माझ्या मते विकृती जन्माने गुन्हेगार ठरवण्यात होती, ती आता कुठे सरळ होते आहे.

मात्र प्रत्येक नवी आठवण नव्या पुराव्यातून किंवा नव्या प्रश्नातून येते असं नाही. काही गरजेतून येतात. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० ला जन्मले, १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले, युद्धात जखमींवर उपचार करत तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्यांच्या आयुष्यात त्यानंतर बदलण्यासारखं काहीच नाही. पण त्यांची आठवण पाहा, दोन देशांच्या संबंधांबरोबर वर-खाली होत राहते. 'हिंदी-चिनी भाई-भाई'च्या काळात ती उजळते, १९६२ नंतर कोणी नाव काढत नाही, पुढे चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटतात आणि फोटो छापून येतो. सोलापुरात त्यांच्या जन्मघराचं स्मारक झालं तेही फार उशिरा. आठवण गरजेतून आली म्हणून ती खोटी ठरत नाही, कोटणीसांनी केलेलं काम खरंच होतं. पण दोन नेते हस्तांदोलन करताना त्यांचं जे चित्र उभं केलं जातं, त्यात मैत्रीच दिसते. त्यांची स्वतःची मतं, त्यांचा थकवा, तिथली भाषा शिकण्याची धडपड, हे सगळं त्या चौकटीत मावत नाही.

मग एखादा नवा दावा समोर आला, विशेषतः 'तुमच्यापासून लपवलेला खरा इतिहास' अशा ठसक्यात मोबाइलवर आला, तर काय बघायचं? मी सगळ्यात आधी हे बघतो की नेमकं काय नवं आहे. कागद नवा आहे, वाचन नवं आहे, प्रश्न नवा आहे, की फक्त आवाज नवा आहे? कागद नवा असेल तर तो कुठे ठेवला आहे आणि दुसऱ्या कोणाला पाहता येतो का, हे सांगता आलं पाहिजे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे मागणीचिठ्ठी भरून सामान्य माणसालाही फाइल बघता येते. 'माझ्याकडे पुरावा आहे पण दाखवणार नाही' हे वाक्य आलं की मी चहा संपवून उठतो.

वाचन नवं असेल तर जुनं वाचन का चुकलं हेही त्याने सांगायला हवं. श्रवणबेळगोळच्या बाबतीत ते सांगितलं गेलं. मूर्तीचं साल अक्षरांना कसं चिकटलं हे दाखवलं, म्हणून ते पटतं. जुन्यांना नुसतं मूर्ख किंवा विकाऊ ठरवणारा दावा बहुधा पोकळ असतो. आणि एक कसोटी मला फार उपयोगी पडते. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या बाजूला अडचणीची ठरेल अशी एखादी तरी गोष्ट तो सांगतो का? सोलापूरच्या मार्शल लॉबद्दल अभिमानाने बोलताना जो मारल्या गेलेल्या पोलिसांचाही उल्लेख करतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

१९३० बद्दल आपल्याला सगळं कळलं आहे, असंही समजू नये. सोलापूर हे काही फक्त मराठी बोलणारं गाव नाही. पूर्व भागात तेलुगू, कसब्यात आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, मोहल्ल्यांत उर्दू-दखनी. हातमागावरच्या पद्मशाली घरांत त्या दिवसांबद्दल जे बोललं गेलं ते तेलुगूत बोललं गेलं. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. आपण मात्र त्या आठवड्याचा इतिहास मुख्यतः इंग्रजी फाइली आणि मराठी आठवणी यांवर रचला आहे. बायकांबद्दल तर बोलायलाच नको. गिरण्यांत त्या कामाला होत्या, मोर्चांत होत्या, पण नावानिशी किती जणी येतात? पुढचा बदल इथूनच येईल असा माझा अंदाज आहे. तो एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणातून येणार नाही. तेलुगू किंवा उर्दू वाचता येणारा एखादा विद्यार्थी कोणाच्या तरी माळ्यावरची ट्रंक उघडेल, तेव्हा तो येईल.

त्या ट्रंका अजून आहेत, पण झपाट्याने रद्दीत चालल्या आहेत. जुना वाडा पाडून इमारत बांधायची ठरली की आधी कागद जातात. मोडीतले असतील तर आणखी लवकर, कारण घरात ते कोणाला वाचता येत नाहीत आणि 'आजोबांचा कसलातरी हिशेब' म्हणून ते रद्दीवाल्याकडे पोचतात. खरं तर हिशेबाच्या वहीतच धान्याचा भाव, मजुरी, कोणत्या आठवड्यात दुकान बंद होतं, हे सगळं असतं. मे १९३० मधल्या एखाद्या किराणा दुकानाच्या वहीत ९ ते ११ तारखेची विक्री लिहिलेली निघाली, तर त्या तीन दिवसांत शहर खरंच कसं चाललं होतं याबद्दल ती दहा भाषणांपेक्षा जास्त सांगेल.

घरात असे कागद निघाले तर त्यांना प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका, ते पुढे काढता येत नाही आणि आतला कागद त्याबरोबर खराब होतो. सेलोटेपही नको, दहा वर्षांत त्याचा पिवळा डाग अक्षरं खातो. ओल आणि वाळवी यांपासून दूर, साध्या सुती कापडात बांधून ठेवा. आपले जुने लोक रुमालात दप्तर बांधत ते उगाच नव्हे. बांधण्याआधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा सरळ, उजेडातला फोटो काढा. फोटो जुने असतील तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसून कोण कोण आहेत ते विचारा, आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, दाब न देता, नावं लिहा. पेनाने लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते.